पोटकंत्राट

आमच्या हिंजवडीत घेतलेलं काम स्वतःच करणं जरा कमीपणाचं समजतात. काम येतं अमेरिकेतून. ते घेते आयटी पार्काच्या फेज एकमधली कंपनी, ती देते फेज दोनमधल्या कंपनीला, ती देते कंत्राटावरच्या मुलांना, आणि मुलं रात्री अकराला ते करून टाकतात. सकाळच्या मीटिंगमध्ये पहिल्या कंपनीतला साहेब 'आम्ही केलं' म्हणतो. त्यामुळे डेस्कटॉप ॲपच्या आतून कमांड लाइनवरचं टूल चालवायचं म्हणजे काय, हे हिंजवडीकराला फार समजवावं लागत नाही. समोर बटणं असलेली देखणी खिडकी असते, ती ऑर्डर घेते. काम करतो मागे बसलेला, तोंड न दाखवणारा जुना प्रोग्राम. श्रेय खिडकीचं.

अशी एक खिडकी मला मामांसाठी करावी लागली. मामांचं दुकान जुन्या गावठाणात आहे: झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म. गिऱ्हाईक दोन प्रकारचं. एक आयटी पार्कमधलं, आयफोनवाल्यांचं. ॲपलने २०१७ पासून आयफोनचे फोटो एचईआयसी नावाच्या प्रकारात साठवायला सुरुवात केली. त्याला जागा कमी लागते, आणि फॉर्मच्या वेबसाइटी त्याला दारातूनच परत पाठवतात. त्यांना हवं असतं जेपेग, ज्याचं मानक १९९२ सालचं आहे. दुसरं गिऱ्हाईक आसपासच्या माण, मारुंजी, घोटावड्याच्या पोरांचं, बँकेच्या परीक्षेचे फॉर्म भरणारं. बँकांची भरती करणाऱ्या आयबीपीएसच्या फॉर्मला फोटो २०० बाय २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबी वजनाचा लागतो. सही १४० बाय ६०, वजन १० ते २० केबी. मामा हे सगळं कुठल्यातरी फुकटच्या वेबसाइटवर चढवून करायचे. अर्ध्या हिंजवडीच्या पोरांची तोंडं आणि सह्या कोणत्या देशात साठत होत्या, ते गावदेव म्हातोबालाच ठाऊक.

"मामा, हे आपल्याच कॉम्प्युटरवर होतं की," असं मी म्हणालो आणि कमांड लाइनची काळी खिडकी उघडून एक ओळ टाइप करून दाखवली. मामांनी ती ओळ मंत्र ऐकावा तशा भक्तिभावाने पाहिली आणि म्हणाले, "मला बटण दे."

बटणामागे बसवला तो इमेजमॅजिक नावाचा जुना प्रोग्राम. त्याची कुळकथा सांगण्यासारखी आहे. १९८७ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत जॉन क्रिस्टी यांना त्यांच्या साहेबांनी सांगितलं, की एका वेळी फक्त २५६ रंग दाखवणाऱ्या पडद्यावर चित्रं बरी दिसतील असं काहीतरी करा. साहेबाच्या फर्माइशीतून जगाच्या उपयोगाची वस्तू निघाल्याचं मला ठाऊक असलेलं हे दुर्मीळ उदाहरण. १ ऑगस्ट १९९० ला क्रिस्टींनी ते सर्वांसाठी फुकट खुलं केलं. आज त्याला दोनशेहून जास्त प्रकारची चित्रं कळतात.

पण त्याला हाक मारणं हेच अवघड. कित्येक वर्षं त्याच्या मुख्य कमांडचं नाव होतं 'कन्व्हर्ट'. आणि विंडोजच्या पोटात मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा एक 'कन्व्हर्ट' आधीपासून बसलेला आहे. तो फोटो नव्हे, हार्ड डिस्कची मांडणी बदलतो. हिंजवडीच्या चौकात उभं राहून "अहो साखरे!" अशी हाक मारली, तर कोणते साखरे वळून बघतील याचा भरवसा नाही, तसंच हे. विंडोज आधी स्वतःच्या घरात शोधतं, त्यामुळे ओ देतो तो डिस्कवाला. त्याच्या हातात एखादा फोटो देऊन 'हा लहान कर' म्हटलं, की तो 'असली ड्राइव्ह नसते' म्हणून रागावतो. रागावतो तेच बरं. मनावर घेणारा निघाला असता, तर मामांचं दुकान कन्व्हर्ट झालं असतं. इमेजमॅजिकच्या सातव्या आवृत्तीत कमांडचं नाव 'मॅजिक' झालं, तरी शहाणा माणूस पूर्ण पत्ता देऊनच हाक मारतो.

फायलींच्या नावांबद्दल बोलायचं, तर मामा नावं ठेवत नाहीत, हकिकत लिहितात. 'धाकटी फोटो नवीन फायनल (२) & सही' हे एका फायलीचं नाव आहे. खिडकी आणि टूल यांच्यामध्ये शेल नावाचा दुभाषा घातला, तर तो प्रत्येक मोकळ्या जागेवर वाक्य तोडतो. मग 'धाकटी' नावाची एक फाइल, 'फोटो' नावाची दुसरी, 'नवीन' नावाची तिसरी, असा शोध सुरू होतो. '&' आला की दुभाष्याला वाटतं पहिली आज्ञा संपली, आणि तो 'सही' नावाचा प्रोग्राम चालवायला निघतो. एखाद्याने फायलीच्या नावातच 'सगळं पुसून टाक' असं लिहिलं असेल, तर हा आज्ञाधारक गडी तेही ऐकेल. उपाय म्हणजे दुभाष्याला मधून काढायचं आणि टूलच्या हातात थेट यादी द्यायची: ही फाइल, हे माप, इथे ठेव. मामांना नावं बदलायला सांगणं हा दुसरा उपाय. त्यापेक्षा प्रोग्राम बदलणं सोपं.

२०१६ च्या मे महिन्यात इमेजमॅजिकचीच एक मोठी भानगड उघडकीस आली होती, तिचं मूळही इथेच. काही प्रकारची चित्रं इमेजमॅजिक स्वतः उघडत नाही, परस्पर दुसऱ्या प्रोग्रामला देतो. म्हणजे पोटकंत्राटदाराचंही पोटकंत्राट! ते देताना तो शेलमार्फत द्यायचा आणि पुरेसं तपासत नव्हता. फोटोचं सोंग घेतलेल्या फायलीतली आज्ञा मग सर्व्हरवर चालायची. हिंजवडीत हे ऐकून कुणी दचकलं नाही. तिसऱ्या हाताखाली काय चालतं ते पहिल्याला माहीत नसणं इथे करारातच असतं.

या टूलचा माझ्या मते सर्वांत मोठा गुण म्हणजे काम झालं की ते गप्प बसतं. मुकाट्याने एक शून्य परत करतं; शून्य म्हणजे यश, दुसरा कुठलाही आकडा म्हणजे तक्रार. ज्या परिसरात न झालेल्या कामाबद्दल रोज पंधरा मिनिटं उभ्याने बोलतात, तिथे ही वृत्ती कुणाला पटणार? मामांनाही पटली नाही. "काहीच बोलंना की ते. झालं का नाही?" म्हणून खिडकीत हिरवी पट्टी घातली. चाळीस फोटोंपैकी किती झाले एवढंच मला ठाऊक असतं. दोन फोटोंच्या मधल्या काळात पट्टी पुढे सरकते ती निव्वळ माझी साहित्यनिर्मिती आहे. मामा तिच्याकडे समाधानाने बघत चहा पितात.

पट्टी खरी करायची, तर टूलला 'काय करतोयस ते सांगत राहा' असा पर्याय देता येतो. पण मग त्याचं म्हणणं कुणीतरी ऐकून घ्यावं लागतं. टूल आणि खिडकी यांच्यात एक नळी असते. लिनक्सवर तिच्यात ६४ केबी मजकूर मावतो. उमेदवाराच्या तोंडाला ५० आणि तक्रारीला ६४! खिडकीने ती नळी रिकामी केली नाही, तर ती तुंबते. मग टूल थांबतं, कारण बोलायला जागा नाही. खिडकी थांबते, कारण टूल संपलेलं नाही. दोघंही सभ्यपणे एकमेकांसाठी थांबून राहतात, आणि कुणाचीच चूक नसते.

फोटोचं वजन ५० केबीच्या आत आणणं टूलला जमतं. वरची मर्यादा सांगितली, की ते स्वतःच दर्जा कमीजास्त करून बघतं आणि बसेल तो ठेवतं. आडवे उमेदवार उभे करणंही जमतं. फोन फोटो फिरवत नाही, 'हा उभा समजा' अशी चिठ्ठी फायलीत टाकतो. चिठ्ठी वाचायच्या आधीच फायलीतला फापटपसारा साफ केला, की उमेदवार कायमचा कुशीवर. खरी पंचाईत सहीची. पांढऱ्या कागदावरची १४० बाय ६०ची सही जेमतेम तीन-चार केबी भरते, आणि फॉर्मला किमान दहा हव्यात. जगभर फोटो बारीक करायची टूल्स आहेत. जाड करायचं कुणाच्या स्वप्नात आलं नव्हतं.

जेपेग फायलीत शेरा लिहायला जागा असते. तो चित्रात दिसत नाही, पण वजनात धरला जातो. "त्यात काय लिहू, मामा?" मी विचारलं. मामांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "श्री म्हातोबा प्रसन्न." देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. हे वाक्य दोनशेदा लिहिलं, की जवळपास बारा केबी होतात. आता आमच्या पंचक्रोशीतल्या प्रत्येक उमेदवाराच्या सहीच्या पोटात दोनशे वेळा म्हातोबा प्रसन्न आहे, आणि फॉर्म एका झटक्यात स्वीकारला जातो.

राहिली होती शेवटची सफाई. विंडोजवर असं टूल चालवलं, की दर फोटोला एक काळी खिडकी क्षणभर लुकलुकते. ती दडवायचीही सोय असते; ती लावली आणि ॲप एकदम सोज्ज्वळ दिसायला लागलं. आठवडाभरात मामांचा फोन आला. "अरे, ते काळं घालवलंस का? आधी ते फडफडायचं तेव्हा गिऱ्हाईक गप पैसे द्यायचं. आता म्हणतंय, एक बटण तर दाबलं, वीस रुपये कसले?"

काळी खिडकी परत आली, कायमची उघडी. पण टूल गप्प, त्यामुळे ती रिकामी. मामांच्या सांगण्यावरून पहिल्या ओळीत 'श्री म्हातोबा प्रसन्न' घातलं. विंडोजच्या त्या जुन्या काळ्या खिडकीला देवनागरी धड येत नाही, तिथे नुसते चौकोन उमटले. मी दुरुस्त करतो म्हणालो.

"राहू दे चौकोन," मामा म्हणाले. "लई अवघड वाटतंय. फक्त हिरवे कर. आणि फॉर्मचे तीस लाव पाटीवर."