किल्ला म्हणे, आणि आत फ्लशचा संडास!

ऐकलंत का? हल्ली जो उठतो तो युरोपला जातो आणि येताना तोच एक फोटो घेऊन येतो. पांढराशुभ्र किल्ला, टोकदार मनोरे, मागे आल्प्सचे डोंगर आणि पुढ्यात गॉगल लावलेल्या काकू. नॉयश्वानस्टाइन! नाव उच्चारताना काकूंची बोबडी वळते, पण ‘तो डिस्नेवाला’ म्हटलं की सगळ्या सोसायटीला कळतं. वॉल्ट डिस्नेने आपल्या परीकथेतल्या राजवाड्यासाठी ह्याच्यावरूनच स्फूर्ती घेतली ना!

जावं की, कोण अडवतंय? पण फोटोखाली लिहितात काय, तर ‘प्राचीन किल्ला’. अहो, पायाभरणीच मुळी १८६९ची. आपली बोरीबंदर-ठाणे आगगाडी त्याआधी १६ वर्षं धावत होती! ह्या किल्ल्याने ना वेढा पाहिला ना तोफ. चित्रं काढून दिली ती क्रिस्टियान यांक नावाच्या, नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या माणसाने. आत गरम हवा खेळवून खोल्या उबदार ठेवायची सोय, मजल्यामजल्यावर नळ, नोकरांना हाक मारायला विजेची घंटा आणि, शिव शिव, आपोआप फ्लश होणारे संडास! आणि कहर ऐका. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या ज्या अधिवेशनात रायगड-राजगडापासून तामिळनाडूतल्या जिंजीपर्यंत मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा ठरले, त्याच अधिवेशनात हे जर्मनीच्या बव्हेरियातलं प्रकरणही यादीत गेलं. त्या बारांतल्या साल्हेरवर चढणाऱ्यांनी आता काय म्हणावं?

बांधणारा राजा तर ह्याहून खमंग. बव्हेरियाचा दुसरा लुडविग. अठराव्या वर्षी गादीवर बसला. १८६७ साली लग्न ठरलं, मुलगी ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीची सख्खी बहीण. त्याच वर्षी मोडलंही. दिवसा झोपायचं, रात्री जागायचं, माणसं दिसली की अंग चोरायचं. वेड एकच, संगीतकार वाग्नर. त्याच्या ऑपेरांतल्या कथांनी भिंतीच्या भिंती रंगवल्या, आणि तो वाग्नर तिथे एकदाही फिरकला नाही! सिंहासनाचं दालन आहे, सोन्याने झगमगतंय, फक्त सिंहासन नाही. ते यायच्या आत राजाच गेला. एवढ्या खटाटोपात तो तिथे राहिला १७२ दिवस. महालांपायी कर्जाचा डोंगर झाला, तेव्हा १८८६च्या जूनमध्ये सरकारने त्याला वेडा ठरवून बाजूला सारलं. १३ तारखेच्या रात्री श्टार्नबर्गच्या तळ्यात राजाचं प्रेत सापडलं, आणि त्याला वेडा ठरवणाऱ्या डॉक्टरचंही. काय झालं ते आजतागायत कोणाला ठाऊक नाही. मग ज्याला परक्या नजरेचं वावडं, त्याच्या शयनगृहाचं काय केलं असेल? वर्षश्राद्धापर्यंत थांबायचं सोडा, सात आठवड्यांत तिकीट लावून लोकांना खुलं केलं. हल्ली वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसं तो पलंग बघून येतात.

बघतात म्हणजे तरी काय? तिकिटावर वेळ छापलेली. चुकली की गेली. आतली फेरी जेमतेम अर्ध्या तासाची, वर फोटोला बंदी! फोटो नाही तर एवढे पैसे कशाला मोजले, असं काहींचं रास्त म्हणणं आहे. म्हणून सगळी गर्दी मारियनब्रुकेवर. पूल राजाच्या आईच्या नावाचा, खाली नव्वदेक मीटर दरी, आणि वर जगभरच्या सूनबाया ‘थोडी डावीकडे सरक’ करत रांगेत.

पण खरं कुजबुजण्यासारखं पुढेच आहे. ही मंडळी म्युनिकहून दोन तास आगगाडीने येऊन ज्या स्टेशनावर उतरतात, ते गाव बघतच नाहीत. फ्युसेन. उतरले की समोरच्या बसमध्ये उड्या, कारण किल्ला तिथून चार किलोमीटरवर. जे खरोखर जुनं आहे त्याच्याकडे पाठ! गाव लेख नदीच्या काठी, रोमनांच्या वाटेवरचं. १५६२ साली इथल्या ल्यूट नावाचं तंतुवाद्य बनवणाऱ्या कारागिरांनी आपला संघ काढला, युरोपातला त्या धंद्यातला पहिला. गावाचा स्वतःचा किल्लाही आहे, होहेस श्लॉस, ऑग्सबर्गच्या बिशपांचा, त्यांच्या नखऱ्यांसकट. अंगणात उभं राहून वर पाहा. नक्षीदार चौकटी, भिंतीबाहेर आलेले सज्जे, त्यांच्या सावल्यासुद्धा. जवळ जा, तर सगळी भिंत सपाट! सज्जे रंगवलेले, सावल्या रंगवलेल्या, काही खिडक्याही नुसत्या रंगाच्या. पाचशे वर्षांपूर्वी बिशपसाहेबांनी रंगावर भागवलं. लुडविगला कोणी हे दाखवलं असतं तर कर्ज तरी वाचलं असतं.

आणि सेंट मांगच्या मठात, सेंट अॅनच्या चॅपलमध्ये, १६०२ साली रंगवलेला मृत्यूचा नाच. वीस चित्रं. सांगाडा येतो आणि पोपपासून पोराबाळांपर्यंत एकेकाला हात धरून नाचायला नेतो. ना हुद्दा बघतो ना तिकीट. माझ्या मते त्या वीस चित्रांपुढे सिंहासनाविना दालन फिकं आहे. पण व्हॉट्सअॅपवर कोण टाकणार सांगाडे?

तेव्हा घरातलं कोणी निघालं असेल तर बजावून ठेवा: किल्ल्याचं तिकीट सकाळचं काढा, दुपार फ्युसेनला द्या. नाच मठातल्या संग्रहालयातच आहे. सोमवारी ते बंद असतं, आणि बाकीच्या वारांच्या वेळाही निघण्याआधी बघून घ्या.