शून्यापासून भाकरी

साध्या, सात्त्विक स्वयंपाकाचा आनंद अखेर आमच्या शहरापर्यंत पोहोचला, याबद्दल संबंधितांचे अभिनंदन. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचे भरडधान्य वर्ष झाल्यापासून नाचणीची पत वाढलीच होती. आता तिच्या भाकरीची, ‘शून्यापासून’ शिकवणारी कार्यशाळाही भरते.

सोय चोख आहे. पीठ मोजून वाटीत, उकळते पाणी थर्मासमध्ये, कोथिंबीर निवडलेली. नाचणीला गव्हासारखा चिकटपणा नसल्याने उकड काढून पीठ रगडून मळावे लागते. ते आधीच मळलेले असते. सहभागींनी गोळा परातीत ठेवून तळहाताने दोनदा थापायचा, कडेला चीर पडली की ‘अय्या’ म्हणायचे आणि फोटो काढायचा. उलटणे, वरून पाणी फिरवणे, निखाऱ्यावर फुगवणे ही किरकोळ कामे मागे कोणीतरी उरकते.

आमची नम्र सूचना एवढीच, की शून्य आणखी मागे न्यावे. पहाटे जाते ओढण्याचे वेगळे शुल्क घ्यावे. आषाढात सह्याद्रीच्या उतारावर, भर पावसात नाचणीची रोपे लावण्याचे ‘प्रीमियम पॅकेज’ काढावे. शेतकऱ्याला मजूर मिळतील, वर पैसेही. (परात घासण्याला मात्र अजून कोणी आनंद म्हटलेले नाही. वाव आहे.)

कार्यशाळेची फी आमच्या स्वयंपाकाच्या मावशींच्या महिन्याच्या पगाराएवढी. त्यांनीही परवा दोनशे रुपये वाढवून मागितले. आम्ही समजावले, ‘मावशी, तुम्ही नुसत्या भाकऱ्या करता. अनुभव कुठे देता?’