एवढं आलोच आहोत तर...

आमच्या मामांबरोबर निघताना पोचायची वेळ कुणाला कळवायची नाही, हा घरातला अलिखित नियम आहे. पुणे ते कोल्हापूर हा प्रवास तुमच्या-आमच्यासाठी चार-पाच तासांचा. मामांच्या लेखी ती नुसती एक रेघ, आणि बघण्यासारखं सगळं रेघेच्या डाव्या-उजव्या अंगाला. टोलनाका मागे पडला की ड्रायव्हरशेजारून घसा खाकरल्याचा आवाज येतो. "एवढं आलोच आहोत तर..." मागे मामी ताबडतोब झोपेचं सोंग घेतात.

महाबळेश्वर, लोणावळा मामांच्या हिशेबी गावंच नव्हेत. "तिथे पॉइंट असतात. गावाला पार असतो!" खिशातल्या निळ्या डायरीत फोन नंबर नाहीत, कुठल्या गावात कुठल्या कुलपाची किल्ली कुणाकडे असते, ते आहे. 'किराणा दुकान, देवळासमोर. दुपारी झोपतात. हाक मारणे, दार वाजवू नये.' नव्या गावात शिरलं की पहिलं काम दाढी, मग सकाळी घरी गुळगुळीत करून निघालेले असले तरी. गावाची खरी माहिती न्हाव्याच्या खुर्चीत मिळते, असा त्यांचा सिद्धान्त. मामांच्या गालांनी महाराष्ट्रासाठी जे सोसलंय, त्याची कुठे नोंद नाही.

एकदा साताऱ्याहून परतताना म्हणाले, "औंधला जाऊन येऊ, पाच मिनिटांचं काम." माझ्या मुलाला वाटलं पुण्यातलंच औंध, म्हणजे घर आलंच! तासाभराने गाडी टेकडीवरच्या संग्रहालयापाशी थांबली, तेव्हा पोरगं रडवेलं झालं होतं. औंधच्या पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेलं ते संग्रहालय. रविवर्म्याची चित्रं पाहून झाल्यावर मामांनी त्याला एका दगडी मायलेकरासमोर उभं केलं. "हेन्री मूर! लोक याची शिल्पं बघायला विलायतेला जातात." पोराने विचारलं, "इथे वडापाव मिळतो का?" मामांनी तोही शोधून दिला, हे कबूल करायला हवं.

अलिबागला सगळे समुद्रात डुंबत असताना मामा आम्हां दोघांना घेऊन कोर्लईला गेले. किल्ला राहिला बाजूला. एका ओट्यावर बसून दोन म्हाताऱ्यांच्या गप्पा ऐकत राहिले. एक अक्षर कळत नव्हतं. "पोर्तुगीजमधून उतरलेली बोली आहे," मला कुजबुजले. "राज्य 1740 मध्ये गेलं, भाषा अजून भाजी निवडतेय बघ." म्हाताऱ्यांनी अखेर मराठीत विचारलं, "कुणाकडे आलात?"

पण कळस झाला कोल्हापूरच्या लग्नात. मुहूर्त दुपारी साडेबाराचा, आणि आम्ही आदल्या दिवशीच पोचलेलो, त्यामुळे सगळे गाफील. सकाळी मामा म्हणाले, "खिद्रापूर इथेच तर आहे." 'इथेच' म्हणजे साठेक किलोमीटर. वाटेत कुरुंदवाडला दाढी.

कृष्णाकाठचं ते कोपेश्वराचं देऊळ मात्र बघत राहावं असं. शिलाहारांच्या काळातलं. पुढच्या स्वर्गमंडपाला मधोमध छतच नाही; वर गोल आभाळ, खाली तेवढीच गोल शिळा, भोवती खांबांची वर्तुळं. खांब 48 आहेत असं ऐकलेलं, म्हणून मामा मोजायला लागले. सत्तेचाळीस भरले. पुन्हा मोजले, पुन्हा सत्तेचाळीस. अकरा वाजले. मामींचा शालू घामाने भिजला. तिसऱ्या फेरीला उलगडा झाला: अट्ठेचाळिसाव्याला मी टेकून उभा होतो आणि मामा मला वगळून पुढे जात होते.

निघणार, तेवढ्यात मामांच्या लक्षात आलं की शंकरासमोर नंदी नाही. तिथल्या पुजाऱ्याने सांगितलं, नंदी नदीपलीकडे, कर्नाटकात, यडूरला. मामांनी घसा खाकरला. मामी गाडीत जाऊन बसल्या आणि त्यांनी आतून दार लावून घेतलं.

कार्यालयात पोचलो तेव्हा जेवणाची दुसरी पंगत उठत होती. अक्षता मामांच्या खिशातच राहिल्या. नवरीच्या बापाला ते स्वर्गमंडपाचं वर्णन सांगत होते, आणि तोही बिचारा ऐकत होता.

गेल्या वर्षी मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून गाडी फारशी निघत नाही. परवा त्यांच्या उशाशी निळी डायरी दिसली, म्हणून चाळली. शेवटच्या पानावर 'राहिलेली गावं' अशी यादी, मामांच्या किरट्या अक्षरात. सगळ्यात खाली मात्र मामींचं ठसठशीत वळण:

'यडूर. घरात कुणाचं लग्न नसताना जाणे.'