पुस्तके सुखरूप ठेवल्याबद्दल वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास

मा. अध्यक्ष, मा. कार्यवाह आणि मंडळाचे सन्माननीय सभासद यांस,



आपल्या वाचनालयाची कार्यक्रमपत्रिका काल हाती पडली आणि ऊर भरून आला. जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, 23 एप्रिलला जागतिक पुस्तक दिन, 12 ऑगस्टला ग्रंथपाल दिन, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. या प्रत्येक दिवशी हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या जातात, कपाटांपर्यंत जायला वाट राहत नाही आणि दारावर पाटी लागते: ‘कार्यक्रमानिमित्त देवघेव बंद’. आत प्रमुख पाहुणे वाचन कमी होत चालल्याची खंत व्यक्त करतात. खंतीला पुरावा लागतो. तो आपण दारावरच लावून ठेवता, हे कौतुकास्पद आहे.

बाकीच्या दिवशीही कपाटांना कुलपे असतात, यावर काही नतद्रष्ट सभासद कुरकुरतात. त्यांना अनुदानातले काही कळत नाही. 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला, पुढे वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले, आणि वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या मोजली जाते. आपण ‘ब’मध्ये आहोत आणि ‘अ’कडे डोळे लावून बसलो आहोत. पुस्तक घरी गेले की हरवू शकते. हरवले की संख्या घटते. म्हणजे वाचकाला पुस्तक देणे ही निव्वळ उधळपट्टी. (याच अनुदानातून काउंटरवरच्या ताईंना पगार मिळतो. तो आकडा इथे लिहीत नाही. उगाच कुणीतरी तो शालींच्या आणि श्रीफळांच्या बिलाशी ताडून पाहायचा.)

डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ग्रंथ वापरण्यासाठी असतात, हा त्यातला पहिलाच. एके काळी युरोपात पुस्तके साखळीने बांधून ठेवत, हे उदाहरण त्यांनी तिथेच दिले आहे. आपण साखळ्या टाळून गोदरेजची कपाटे घेतली, ही प्रगतीच म्हणायची. शिवाय दर 12 ऑगस्टला आपण त्यांच्या तसबिरीला हार घालता, आणि ती तसबीर कुलूपबंद कपाटाच्या बरोब्बर वर टांगलेली आहे. तिकडे बडोद्यात सयाजीराव महाराजांनी पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरवल्या. त्यांना खंबीर कार्यवाह लाभले नसावेत.

‘नवीन आलेली पुस्तके’ हा फलकही वाचनीय असतो. त्यावरची अक्षरे पुसट झाली आहेत, पण पुस्तके अजून नवीन आहेत, कारण ती कुणी उघडलेलीच नाहीत.

खरी शिफारस मिळते ती ताईंकडे. त्या संगणकात बघत नाहीत, तोंडाकडे बघतात. ‘हे नेऊ नका, मधली सोळा पानं नाहीत.’ ‘हिचं पहिलं वाचा, दुसरं तिनं घाईत लिहिलंय.’ एक निवृत्त मुख्याध्यापक ‘नातवासाठी’ म्हणून अर्नाळकरांच्या रहस्यकथा नेतात. नातू पुण्याला असतो हे ठाऊक असूनही त्या गुमान शिक्का मारतात. दिवाळी अंक योजनेत कुणाला कुठला अंक आधी हवा असतो, कोण शब्दकोडे पेनाने सोडवून परत करतो, सगळे त्यांच्या डोक्यात आहे. त्यांच्या डोक्याला अजून कुलूप लावलेले नाही. पुढच्या सभेत विषय घ्यावा.

गर्दी म्हणाल तर ती अभ्यासिकेत. स्पर्धा परीक्षेची मुले-मुली सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर असतात. पुस्तके त्यांची स्वतःची, पाण्याची बाटलीही स्वतःची. वाचनालयाचे फक्त टेबल आणि पंखा. अहवालात मात्र त्यांची गणना ‘नियमित वाचक’ अशी होते. हिशेब पक्का आहे.

आता एक शिफारस माझ्याकडून. विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. वरसईचा गरीब भिक्षुक पैसा मिळवायला उत्तरेकडे निघतो आणि नेमका 1857च्या धामधुमीत सापडतो. झाशीच्या वेढ्यात तो शहरात होता. लुटालूट, आगी, पाण्यासाठीची तडफड हे सगळे तो सांगतो, आणि आपली भीतीही लपवत नाही. हे हस्तलिखित बरीच वर्षे पडून राहिले आणि 1907 मध्ये छापून आले. आपल्याकडची प्रत तिसऱ्या कपाटात, खालून दुसऱ्या खणात आहे. गेल्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली म्हणून कपाटे हलवली, तेव्हा ताईंनी ती उघडून दाखवली. मागच्या तारीखपट्टीवर शेवटचा शिक्का 2004 चा होता आणि त्याखाली पट्टी कोरीच. कसरीने मात्र मुखपृष्ठापासून प्रस्तावनेपर्यंत मजल मारली आहे. वर्गणी न भरता घरबसल्या वाचणारा एवढा एकच सभासद आपल्याकडे आहे.

तर ते पुस्तक मला हवे आहे. मागणीची चिठ्ठी सूचनापेटीत टाकणार होतो, पण पेटीच्या फटीवर सत्कार समारंभाचे पोस्टर चिकटवलेले आहे. कपाटाची किल्ली कार्यवाहांकडे असते आणि कार्यवाह ग्रंथोत्सवाला जिल्ह्याच्या ठिकाणी गेले आहेत, असे कळले. ते ‘वाचकाच्या दारी ग्रंथ’ या विषयावर बोलणार आहेत. त्यांना सावकाश येऊ द्या.

आपला,
एक आजीव सभासद

ता. क. : वार्षिक सभेला गणसंख्या भरत नाही म्हणून निरोप आला होता. येईन. तेवढी तिसऱ्या कपाटाची किल्ली सोबत आणायला सांगा.