शेवटी ढेकूणच

मँडेलब्रॉट सेट आईने पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती मटार सोलत होती. मी मोठ्या कौतुकाने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तिने चष्मा वर सारला, दोन सेकंद पाहिलं आणि म्हणाली, "ढेकूण आहे का गं?"

फ्रॅक्टल (म्हणजे कितीही आत गेलं तरी नक्षी न संपणारी आकृती) या शब्दाचा जनक बेनुआ मँडेलब्रॉट. त्याच्या आयुष्यभराच्या कामाचा इतक्या थोडक्यात पंचनामा क्वचितच कुणी केला असेल. आणि दुर्दैवाने आईचं म्हणणं खरं होतं. फुगीर पोट, पुढे वाटोळं डोकं, डोक्यातून निघालेली सुईसारखी सोंड आणि अंगभर गाठीगाठींचे पाय! १९८० मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत मँडेलब्रॉटने हे चित्र संगणकाकडून छापून घेतलं, तेव्हा भोवतीचे बारीक ठिपके त्याला आधी यंत्राची घाण वाटले होते. नीट पाहिलं तर ती त्याच आकृतीची पिल्लं निघाली. म्हणजे प्रादुर्भाव तेव्हापासूनचा आहे.

यातलं गणित मला जमतं, यावरून ते किती सोपं असेल ते ओळखा. एक आकडा घ्यायचा. शून्यापासून निघायचं, हातातल्या संख्येचा वर्ग करायचा, त्यात तो आकडा मिळवायचा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. आकडा १ असेल तर १, २, ५, २६, ६७७... लग्नाच्या आमंत्रितांची यादी. आकडा उणे १ असेल तर उणे १, शून्य, उणे १, शून्य... आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा. उत्तर २ च्या पलीकडे गेलं की तो आकडा हाताबाहेर गेला असं समजायचं आणि किती फेऱ्यांनंतर गेला ते पाहून त्याला रंग द्यायचा. जो कधीच जात नाही तो काळा. (खऱ्या खेळातले आकडे संमिश्र, म्हणजे दोन भागांचे असतात आणि प्रत्येक आकडा चित्रातला एक बिंदू; पण स्वभाव हाच.) पाहण्यासारखं सगळं काठावर. जाऊ की राहू, यात ज्यांच्या शेकडो फेऱ्या होतात त्या आकड्यांची नक्षी.

या काठाला अंत नाही. कितीही आत जा, नवं काहीतरी आहेच. आणि असा अनंत काठ फुकट मिळालेला असताना मी दोन वर्षं एकाच दरीत मुक्काम ठोकला. तिला 'सीहॉर्स व्हॅली' म्हणतात; ढेकणाचं डोकं आणि पोट यांच्यामधली मान. तिथे समुद्रघोड्यांच्या शेपट्यांसारखी वेटोळी असतात आणि त्यांना जांभळा-सोनेरी रंग दिला की पाहणारा "वा!" म्हणतोच. पहिल्या वेळी. माझ्याकडे अशी चारशे चित्रं साठली. चारशेव्यालाही आई म्हणाली, "कालचंच आहे." मी म्हटलं, "अगं, कालच्यात घोडे डावीकडे वळले होते." मग कंटाळून पोटाच्या मागच्या खाचेत, 'एलिफंट व्हॅली'त गेले. तिथे सोंडा. त्याही जांभळ्या-सोनेरी. महाबळेश्वरला जाऊन दरवर्षी एलिफंट पॉइंटला त्याच पोझमध्ये फोटो काढणाऱ्यांना मी हसत असे, ते तेव्हापासून बंद केलं.

मग ठरवलं, आता खोलात जायचं. जिथे कुणी गेलं नसेल तिथे. झूम करत, करत, करत मी अशा ठिकाणी पोचले की वेटोळी संपली आणि लहानलहान चौकोन दिसू लागले. ठाशीव, रेखीव चौकोन! निसर्गाच्या वेलबुट्टीच्या तळाशी विटांचं बांधकाम! मी त्या मालिकेला 'चौकोनी कालखंड' असं नाव दिलं, अकरा चित्रं केली आणि इंजिनिअर भाच्याला पाठवली. त्याचं उत्तर आलं, "मावशी, आकडे संपले."

म्हणजे काय, तर साध्या प्रोग्रॅममध्ये संगणक आकड्याचे साधारण १६ अंक लक्षात ठेवतो. त्यापुढे दोन शेजारच्या बिंदूंत फरकच करता येत नाही, म्हणून तो सगळ्यांना एकच रंग फासतो. माझा कालखंड हा यंत्राचा विसरभोळेपणा होता. अनंतात जाऊन आकडे संपवून येणं यालाही नशीब लागतं.

जास्त अंकांचा प्रोग्रॅम घेतला. तो रात्रभर एकच चित्र रेंडर करतो आणि पहाटे लाइट जाते. एकदा मात्र गेली नाही. सकाळी चित्र पूर्ण झालेलं होतं: तलम झालर, झालरीत झालर आणि बरोबर मध्यभागी, काळाकुळकुळीत...

"एवढं आत गेलीस," आई चहा ओतत म्हणाली, "आणि शेवटी ढेकूणच?"

फॉर्म्युला बदलून पाहिला. वर्ग करायच्या आधी संख्येच्या दोन्ही भागांची उणे चिन्हं पुसून टाकली की 'बर्निंग शिप' निघतं. चित्र उलटं धरलं की पेटलेलं जहाज. १९९२ सालचा शोध. आईला होडी आवडली. पण होडीच्या मागे आणखी होड्या, त्यांच्या मागे आणखी. "कोळीवाडाच काढलास," म्हणाली.

शेवटी मोकळी वाट दाखवली तीही तिनेच. "सारखी मानेतच काय घुसतेस? सोंड आहे की ती." मी सोंडेकडे कधी गेलेच नव्हते. रंगांसाठी रविवारच्या मिसळीचा फोटो काढून त्यातलेच रंग उचलले: तर्रीचा लाल, शेवेचा पिवळा, मटकीचा जरा उदास तपकिरी, कोथिंबिरीचा हिरवा. जांभळा नाही, सोनेरी नाही. सोंडेवर उणे १.७५ च्या आसपास एक भलं थोरलं पिल्लू बसलेलं आहे, ते टाळून चौकट धरली. तत्त्वतः काठाच्या कोणत्याही तुकड्यात पिल्लं असतातच, पण डोळ्यांना एकही दिसणार नाही अशी जागा निवडायला मला तीन संध्याकाळी लागल्या. विजा कडाडाव्यात तसं चित्र आलं. पाहून भूकही लागत होती. छापून, फ्रेम करून हॉलमध्ये लावलं.

आईने बराच वेळ पाहिलं. कालचंच आहे असं म्हणाली नाही. मग जवळ गेली, चष्मा खाली ओढला आणि उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. "हा बघ."

"आई, तो छपाईचा डाग आहे."

"असेल," ती म्हणाली आणि मटार सोलायला बसली.

मी लॅपटॉप उघडला. त्या कोपऱ्यावर गेले, झूम केलं, आणखी केलं. रात्री साडेअकराला सापडला. तर्रीच्या झालरीत, सहा पायांचा.