तात्या आणि त्रयोदशी

अलिबागचा कुलाबा किल्ला बघायला एक दिवस जाऊन येऊ, एवढं एकच वाक्य आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर कोणीतरी तात्यांच्या देखत बोललं आणि सहल त्याच क्षणी त्याच्या हातातून गेली. तात्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला आणि विचारलं, "कोणत्या तिथीला?"

आमचा अंदाज होता की रविवार बघायचा, गेटवेहून मांडव्याची बोट पकडायची, अलिबागला मासे खायचे आणि वाटेत किल्ला लागला तर बघायचा. तात्यांना हे ऐकून त्रास झाला. त्यांचा सगळा जन्म कारखान्याच्या टाइम ऑफिसात तीन पाळ्यांची गणितं मांडण्यात गेला आहे. निवृत्तीनंतर मांडायला पाळ्या उरल्या नाहीत, म्हणून ते आता इतरांची लग्नं, बारशी, मुंजी आणि सहली मांडतात. त्यांच्याकडे प्लॅस्टिकचं एक पारदर्शक फोल्डर असतं. त्यात आखीव फुलस्केप, निळं, लाल आणि हिरवं पेन, आणि मागच्या कार्यक्रमात कोण किती मिनिटं उशिरा आलं त्याची यादी. ती यादी ते कोणाला दाखवत नाहीत, पण ती आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

कुलाबा किल्ला मात्र टाइम ऑफिसला जुमानणारा नाही. हा किनाऱ्यासमोरच्या खडकावरचा जलदुर्ग. समोरच दिसतो, हाक मारली तर पोचेल असं वाटतं, पण भरती असली की चारी बाजूंनी पाणी. ओहोटीला तेच पाणी मागे सरतं आणि ओल्या वाळूतून, शेवाळलेल्या खडकांवरून माणूस चालत आत जातो. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांत, 1680 मध्ये याचं काम सुरू झालं आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथे आरमाराचं ठाणं केलं. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एक होऊन चालून आले आणि हात हलवत परत गेले. "त्यांनी नीट आखणी केली नव्हती," असं तात्यांचं मत आहे. कट्ट्यावर याला विरोध करण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

तर तिथी. कोकणात कोळ्याच्या पोरालाही येणारं गणित असं की तिथीची पाऊणपट करावी, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. त्यात सहा तास आणि थोडं वर मिळवलं की ओहोटी, म्हणजे साधारण बाराला. तात्यांनी याचा तक्ता केला. प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा ओळी, भरतीला निळं पेन, ओहोटीला हिरवं, आणि ज्या वेळी कोणीही किल्ल्यात असता कामा नये ती वेळ लाल.

"अष्टमी उत्तम," जोशी म्हणाले. "बाराला ओहोटी. सकाळी निघू, दुपारी बघू, संध्याकाळी घरी."

"अष्टमीला भांगाची ओहोटी असते जोशी," तात्या म्हणाले. त्या स्वरात टाइम ऑफिसची तीस वर्षं होती. "पाणी पुरतं हटत नाही. गुडघ्यापर्यंत भिजाल. घोडागाडी करावी लागेल."

"मग जास्तीत जास्त पाणी कधी हटतं?"

"अमावास्येला आणि पौर्णिमेला. उधाण असतं. भरती मोठी, तशी ओहोटीही मोठी."

"मग तेव्हाच जाऊ."

"तेव्हा ओहोटी पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला."

सगळे गप्प झाले. ही गोष्ट खरी आहे आणि तिला इलाज नाही. ज्या दिवशी समुद्र सगळ्यात लांब जातो त्या दिवशी तो माणसं झोपेत असताना किंवा परतीच्या बोटीच्या रांगेत असताना जातो, आणि ज्या दिवशी तो भर दुपारी सोयीने जातो त्या दिवशी पुरता जात नाही. समुद्राने हे चंद्राच्या सांगण्यावरून चालवलं आहे. चंद्राला रविवार कळत नाही. आमच्यासारख्याने एवढ्यावर सहल माथेरानला वळवली असती. तात्यांच्या चेहऱ्यावर मात्र तेज आलं. सोपी सहल त्यांच्या कामाची नसते.

पुढचे काही आठवडे ते दिनदर्शिका घेऊन बसत. चतुर्थीला ओहोटी नवाच्या सुमाराला येते, पाणीही बऱ्यापैकी हटतं. वद्य चतुर्थी संकष्टी निघाली तर काकूंचा उपास. काकूंची हरकत नव्हती. किल्ल्यातच गणपतीचं देऊळ आहे, राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं. संकष्टीला त्याच्या दर्शनासारखं पुण्य नाही, असं त्या म्हणाल्या. पण अर्धी सोसायटी उठली. अलिबागला जाऊन साबुदाण्याची खिचडी खायची असेल तर आम्ही घरीच बरे, असं कदमांनी उभं राहून सांगितलं. शिवाय नवाला किनाऱ्यावर हवं तर पहिल्या बोटीनेही ते जमेना. एकादशीला ओहोटी अडीचच्या आसपास, पण एकादशी म्हणजे पुन्हा खिचडी. षष्ठीवर मतदान होऊन ती तीन मतांनी पडली.

अशा रीतीने तात्या त्रयोदशीला पोचले. तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे ओहोटी चारच्या सुमाराला. पौर्णिमा दोन दिवसांवर, त्यामुळे पाणी चांगलं लांब. अडीच ते साडेपाच वाट मोकळी. प्रदोष एकट्या काकूंचा, आणि त्या सूर्यास्तानंतर जेवतात. आता त्रयोदशीचा रविवार हवा. तो पावसाळ्यात नको, कारण तेव्हा गेटवेहून बोटी बंद. परीक्षांत नको, कदमांच्या भाचीच्या लग्नात नको. असा रविवार माघात सापडला तेव्हा तात्यांनी काकूंना पेढे आणायला सांगितलं.

जोशींच्या बंट्याने तेवढ्यात मोबाइल काढला. "तात्या, यात टाइड टेबल आहे. यात ओहोटी बारा मिनिटं आधी दाखवतायत."

"ते मुंबई बंदराचं असेल," तात्या म्हणाले आणि हिरव्या पेनाने बारा मिनिटं आधीची नोंद करून घेतली. ऐकून घेत नाहीत पण लिहून घेतात, ही या जातीच्या माणसांची खूण आहे.

वेळापत्रक प्रत्येकाच्या दारात सरकवलं गेलं. मी ते जपून ठेवलं आहे. 'बोटीवर सीगल पक्ष्यांना गाठ्या टाकणे, 10 मिनिटे, ऐच्छिक. मांडवा ते अलिबाग बस. कान्होजी आंग्रे समाधी, 20 मिनिटे, पादत्राणे काढणे-घालणे धरून. जेवण 12.40 ते 1.25, कोलंबी मागवल्यास 1.35. हात धुणे व हिशेब 15 मिनिटे.' खाली लाल शाईत: '5.20 नंतर किल्ल्यात आढळल्यास जबाबदारी ज्याची त्याची.' कदमांनी खेकडा मागवला तर काय, याची तरतूद नव्हती, आणि कदमांनी नेमका खेकडाच मागवला. तात्या त्यांच्या ताटाशी उभे राहिले. नांग्या फोडताना कोणी घड्याळ धरून उभं असलं की कशी चव लागते ते कदम अजून सांगतात.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा समुद्र ठरल्याप्रमाणे मागे सरत होता. खडक उघडे पडले होते आणि त्यांना चिकटलेल्या कालवांच्या धारदार कडा चमकत होत्या. एक टांगेवाला घोड्याला वळवत होता. तात्या सरळ त्याच्याकडे गेले. टांगा करायचा नव्हता. त्यांनी फोल्डर उघडून तक्ताच त्याच्यापुढे धरला.

टांगेवाल्याने तक्ता वरून खाली बघितला. मग आकाशाकडे बघावं तसं पाण्याकडे बघितलं.

"तेरस ना आज? बरोबर हाय काका. पाच-साडेपाचपावतर या परत."

दहावीच्या गुणपत्रिकेवरही तात्या एवढे लाजले नसतील. त्यांनी त्याला एक प्रत दिली. त्याने ती घडी घालून घोड्याच्या चंदीच्या पिशवीत ठेवली.

चालत आम्ही दरवाजापर्यंत गेलो. तात्या आत आले नाहीत. दरवाजाबाहेरच्या एका दगडावर खडूने रेघ मारून ते बसले, पाणी वळतं केव्हा ते बघायला. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाले, "मी इथे लागेन."

आत गेल्यावर मला पहिल्यांदा तटाचे दगड दिसले. भलेमोठे चिरे नुसते एकावर एक बसवलेले, सांध्यात चुना नाही. लाटेचं पाणी त्या फटींत शिरतं आणि तिथेच त्याचा जोर जिरतो, म्हणून तट इतकी वर्षं टिकला. तात्यांच्या वेळापत्रकात अशी एकही फट नव्हती. आत झाडं आहेत, गोड्या पाण्याचं तळं आहे. समुद्राच्या मधोमध गोडं पाणी, ते ओंजळीत घेईपर्यंत कोणाचा विश्वास बसला नाही. काकूंनी गणपतीपुढे अथर्वशीर्ष म्हटलं. मुलं तोफांवर चढली आणि चाकांच्या गाड्यावर कोरलेलं इंग्रज कारखान्याचं नाव मोठ्याने वाचू लागली. कदम तटावर आडवे झाले. खेकडा बोलत होता.

पाच वाजून अठरा मिनिटांनी शेवटचा माणूस दरवाजाबाहेर आला. तात्यांनी नावापुढे खुणा केल्या आणि मग परीक्षा सुरू झाली.

"तोफा किती पाहिल्यात?"

"एक," जोशी म्हणाले.

"गाड्यावरच्या दोन आहेत. उत्तरेच्या तटावर. म्हणजे तुम्ही टोकापर्यंत गेलाच नाहीत. सर्जेकोट दिसला का? शेजारीच आहे, याच खडकावर."

"तात्या, तुम्ही कधी पाहिलात हा किल्ला?" बंट्याने विचारलं.

तात्यांनी त्याच्याकडे जरा दयेने बघितलं. "मी आत गेलो असतो तर पाण्यावर लक्ष कोणी ठेवलं असतं?" ते म्हणाले, आणि खडूच्या रेघेकडे बोट दाखवलं. पाणी वळलं होतं आणि रेघेपासून वीतभर खाली होतं.

परतीच्या बोटीत सगळे पेंगत होते. माझ्या शेजारी तात्यांनी फोल्डरमधून कोरा फुलस्केप काढला. थळच्या समोरची खांदेरी आता जागतिक वारशाच्या यादीत गेली आहे, 2025 मध्ये, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. महाराजांच्या माणसांनी 1679 मध्ये इंग्रजांची गलबतं भोवती घिरट्या घालत असताना तिथे तट चढवला. शेजारी उंदेरी, ती सिद्दीने बळकावलेली. दोन बेटं, दोन किल्ले, एका दिवसात.

"चालत जाता येतं?" मी विचारलं.

"छे. थळहून होडी." त्यांनी लाल पेनाचं टोपण उघडलं. "म्हणजे नुसती तिथी भागायची नाही. वारा शिकावा लागेल."