समेवरचा मोर

माणसानं काढलेला मोर हा देवानं काढलेल्या मोरापेक्षा कधीही जास्त आज्ञाधारक. सांगितलं की नाचतो, पिसारा फुलवायला पावसाची वाट पाहत नाही आणि गाणं संपलं की पुन्हा पहिल्या कडव्यापासून तितक्याच हौसेनं सुरू होतो. 'नाच रे मोरा' हे गाणं आलं 1953 साली, 'देवबाप्पा' या चित्रपटात. शब्द गदिमांचे, चाल पुलंची, आवाज आशाबाईंचा. अशा तिघांनी मिळून बोलावल्यावर खरं तर कुठलाही मोर आला असता; पण त्या चित्रपटात चितारलेला मोर नव्हता. तो आला पुष्कळ वर्षांनी, मोबाइलच्या पडद्यावर. एक नव्हे, असे कित्येक मोर आले. कुणाच्या पापण्या लांब, कुणाला माणसासारख्या भुवया, कुणी चक्क कमरेवर हात ठेवून उभा. एक गोष्ट मात्र सगळ्यांत सारखी: मान हलते ती ठेक्यावर, आणि पाऊल पडतं ते समेवर.

शिरूरला राहणारी माझ्या बहिणीची नात या मोरांना नावानिशी ओळखते. तिचा वरणभात त्यांच्याच साक्षीनं पोटात जातो. मागे एका सुट्टीत मी शिरूरला गेलो असताना, हिला खरा मोर दाखवावा, असं आम्हां वडीलधाऱ्यांच्या मनात आलं. तालुक्यातच मोराची चिंचोली आहे. तिथले मोर पाहायला पुण्या-मुंबईची माणसं गाड्या घेऊन येतात, मग आपणच का मागे राहावं? सकाळी लवकर गेलो. बांधावर एक देखणा नर उभा होता. उन्हात गळ्याचा निळा असा झगमगत होता, की रंग एवढा खर्च करायला निसर्गाला कुणी परवानगी दिली असेल, असं वाटावं. नातीनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यानं आमच्याकडे पाठ केली, दोन दाणे टिपले, मान वर करून गंजलेल्या बिजागरीसारखा एक आवाज काढला आणि पुन्हा दाणे टिपायला लागला. ती माझा सदरा ओढत म्हणाली, "आजोबा, गाणं लावा ना!"

चूक तिची नव्हती. तिच्या माहितीतले सगळे मोर गाणं लावलं की नाचत असत. गाणं नाही म्हणून हा बिचारा खोळंबला असणार. इकडेतिकडे पाहत मी फोन काढला आणि अगदी हलक्या आवाजात गाणं लावलं. मोरानं एका डोळ्यानं फोनकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कुतूहलही नव्हतं. लग्नाच्या पंगतीत भलत्याच नावानं हाक ऐकू आली की माणूस पाहतो, तेवढंच होतं. मग तो सावकाश बाजरीत शिरला. शेजारून जाणारा एक शेतकरी थांबून म्हणाला, "पावसाचं वातावरण होऊ द्या, मग नाचंल. त्यो लांडोरीसाठी नाचतो, पावण्यांसाठी न्हाई." नात गाडीत बसली आणि घरी पोचेपर्यंत फोनवरच्या मोराला चार गोष्टी विचारत राहिली. त्याच्या भावाबद्दल असाव्यात.

या छोट्या चितारलेल्या गाण्यांमध्ये पोरं एवढी का अडकतात, याचं उत्तर मला त्या बांधावर थोडंफार सापडलं. चित्रपटाच्या एका सेकंदात 24 चित्रं पळतात. गाण्याचे ठोके सेकंदाला दोन धरले, तर एका ठोक्याच्या वाट्याला बारा चित्रं येतात. चित्रकार ती अक्षरशः मोजतो: बाराव्या चित्रावर पाऊल टेकलं पाहिजे, चोविसाव्यावर टाळी वाजली पाहिजे. 1928 साली डिस्नेच्या उंदरानं आगबोटीवर शीळ घातली तेव्हापासून हे गणित चालत आलं आहे. पुढच्याच वर्षी त्याच मंडळींनी स्मशानातले सांगाडे नाचवले, तेही इतके तालात, की भीती वाटायची ती राहूनच गेली. म्हणजे या जगात वारा सुटतो तो मात्रा मोजून, फळ झाडावरून पडतं ते बरोबर समेवर. एखादा आदळतो, आपटतो, चपटा होतो. तरी बेताल होत नाही. आपल्या जगात कधी कुठली गोष्ट अशी समेवर पडली आहे?

माझं बालपण दौंडच्या रेल्वे वसाहतीत गेलं, तेव्हा बेतालपणाचं शिक्षण घरबसल्याच झालं. मनमाडकडून नगरमार्गे येणारी गाडी पुण्याला जायची, तर दौंडात तिचं तोंड फिरवावं लागे. एका टोकाचं इंजिन सुटायचं आणि दुसऱ्या टोकाला येऊन लागायचं. तोवर प्रवासी उतरून चहा पीत, पाय मोकळे करत, आणि गाडी पुन्हा निघाली की आपण आलो त्याच दिशेला परत चाललो, असं वाटून नवखा माणूस कासावीस होई. आता कॉर्ड लाइन झाली आहे, पुष्कळ गाड्या परस्पर वळून जातात. त्या काळी मात्र सबंध गावाची लय एका इंजिनाच्या फिरण्याला बांधलेली होती, आणि ती लय कुठल्याच तालात बसत नव्हती.

तिथेच शेजाऱ्यांच्या टीव्हीवर मी 'एक अनेक और एकता' पाहिला. सिंहगडावरून निघालेलं चित्र दौंडपर्यंत येता येता दमून जाई. वारा आला की छतावरची अँटेना फिरे आणि पडद्यावर मुंग्या सुरू होत. एक जण वर चढून, "आलं का? आलं का?" असं ओरडत असे. पण आवाजाचं तसं नव्हतं. चिमण्या दिसेनाशा झाल्या तरी चिमण्यांचं गाणं स्वच्छ ऐकू यायचं. मुंग्यांकडे पाहत आम्ही ते गाणं म्हणत असू. कित्येक दिवस मला त्या गोष्टीचा शेवट माहीत नव्हता. पारध्याच्या जाळ्यात सापडलेली पाखरं जाळ्यासकट उडतात इथपर्यंत ठाऊक होतं. उंदीर ते जाळं कुरतडतात, हे कळलं ते वारा नसलेल्या एका संध्याकाळी.

1974 सालचा हा सातेक मिनिटांचा चित्रपट. विजया मुळे या मुंबईत जन्मलेल्या बाईंनी तो केला. अभिनेत्री सुहासिनी मुळे यांच्या त्या आई. चित्रं हलती केली भीमसेन यांनी. संगीत वसंत देसाईंचं, म्हणजे ज्यांनी शांतारामबापूंचं 'दो आंखें बारह हाथ' सजवलं आणि 'गुड्डी'तल्या प्रार्थनेनं देशभरच्या शाळांना हात जोडायला लावले, त्यांचं. आणि त्यातला तो बालआवाज कोकणातल्या दाभोळच्या साधना सरगमचा, जेमतेम पाच वर्षांची असतानाचा. सरकारला त्यातून राष्ट्रीय एकात्मता शिकवायची होती. आम्ही एकात्मता सोडून बाकी सगळं घेतलं. दुसऱ्या दिवशी वसाहतीच्या मैदानात जाळं, पाखरं, पारधी असा खेळ मांडला आणि पारधी कोण होणार यावरून दोन घरांत अबोला धरला. गाणं मात्र अबोला असलेल्या दोन्ही घरांत चालू होतं, त्याच चालीत, त्याच चुकलेल्या हिंदीत. वसंत देसाई 1975 च्या डिसेंबरात, त्या पाखरांना आकाश दिल्यावर वर्ष-दीड वर्षातच गेले. आम्ही मैदानात त्यांची चाल बेसूर करत होतो, तेव्हा ती करणारा माणूस जगात नाही, हे आम्हांला माहीत नव्हतं; माहीत असतं तरी आम्ही तितक्याच बेसूर गायलो असतो. साधनाबाई पुढे मोठ्या गायिका झाल्या. त्या चित्रपटातलं मूल आहे तिथेच आहे, अजून ताईला प्रश्न विचारतं आहे.

चित्रं अशी गाण्यावर नाचायला लागली ती पुढे. दादासाहेब फाळक्यांनी 1915 च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' केली, तेव्हा काड्यांना नाचवायला पडद्यावर गाणंच नव्हतं. मूकपटाचा जमाना तो. मला उगीच वाटतं, की एखाद्या तंबूतल्या पेटीवाल्यानं त्या काड्या पाहून आपसूक ठेका बदलला असेल.

मध्यंतरी दौंडला गेलो होतो. वसाहतीतला एक जुना मित्र, रेल्वेतून निवृत्त झालेला, फाटकापाशी भेटला. फाटक बंद होतं, आणि दोन पोरं मोटारसायकल आडवी करून दांड्याखालून घुसवत होती. मित्र त्यांच्यावर ओरडला. नोकरीत आयुष्यभर तो हेच ओरडला होता. घरी गेल्यावर मी त्याला मेलबर्नच्या रेल्वेनं 2012 साली काढलेली तीन मिनिटांची चित्रफीत दाखवली. रंगीत शेंगदाण्यांसारखे एकवीस जीव त्यात एकेक मूर्खपणा करून मरतात. कुणी अस्वलाला काठीनं डिवचतो, कुणी टोस्टरमध्ये काटा घालतो. शेवटचे तिघे रेल्वेपायी जातात: एक फलाटाच्या अगदी कडेला उभा राहून, एक बंद फाटकाला वळसा घालून, एक रूळ ओलांडून. गाणं अंगाईसारखं गोड. जगभर ते लोकांच्या ओठांवर बसलं आणि पुढच्या वर्षी कानच्या जाहिरात महोत्सवात त्याला पाच सर्वोच्च पारितोषिकं मिळाली. मित्रानं चष्मा पुसून ते पाहिलं. पाहताना कपाळावरची आठी अजिबात हलली नाही.

"फाटकावर मरण्याचं गाणं करतात होय?" तो म्हणाला. "आम्ही मेमो काढायचो."

"मेमो कुणी गुणगुणत नाही," मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. संधिवातानं आखडलेला त्याचा उजवा पाय खुर्चीखाली हळूहळू हलत होता, आणि गेल्या कित्येक वर्षांत ज्या गुडघ्यानं डॉक्टरांचं ऐकलं नव्हतं, त्याच पायाचं पाऊल आता बरोबर ठेक्यावर पडत होतं. वहिनी चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"परत लाव," तो म्हणाला. "त्या फाटकवाल्याचा नंबर कितवा होता, ते बघायचंय."